एलएलबी आणि एमएसडब्ल्यू एकत्र करू द्या की!

एप्रिल २०२२ मध्ये यूजीसीनं जाहीर केलं की आता एकाच वेळी दोन डिग्र्या करता येतील, दोन्ही रेग्युलर असल्या तरी चालेल, फक्त वर्गांच्या वेळा एकमेकींवर यायला नकोत. तेव्हापासून ॲडमिशनचे दिवस आले की एमएसडब्ल्यूवाल्या, म्हणजे समाजकार्याची मास्टर्स डिग्री करणाऱ्या पोरापोरींचा मला एक ठरलेला प्रश्न येतो, ताई, एमएसडब्ल्यू चालू असतानाच सकाळच्या कॉलेजला एलएलबी टाकू का? आणि उत्तरही ठरलेलं, नाही टाकता येणार. कारण लॉच्या शिक्षणावर बार कौन्सिलची सत्ता चालते आणि त्यांच्या २००८ च्या नियमावलीतला सहावा नियम सांगतो की लॉची डिग्री चालू असताना दुसऱ्या कुठल्याही रेग्युलर डिग्रीला नाव घालायचं नाही. भाषेचा किंवा कॉम्प्युटरचा छोटा पार्टटाइम सर्टिफिकेट कोर्स केला तर चालतो. म्हणजे वकील होणाऱ्या मुलीनं फावल्या वेळात जर्मन शिकलेलं चालेल, पण वस्तीत जाऊन माणसांशी बोलायचं कसं हे रीतसर शिकलेलं नाही चालणार.

आता कोणी म्हणेल की एकामागून एक करा की, अडवलंय कोणी. खरंय, मी स्वतः तसंच केलं, आधी एमएसडब्ल्यू, मग नोकरी, मग एलएलबी, आणि माझ्यासारखे ढिगानं लोक आहेत. पण दोन अधिक तीन पाच वर्षं, त्याआधी ग्रॅज्युएशनची तीन, मग वकिलीची सनद, मग एआयबीई ही बार कौन्सिलची परीक्षा, मग सिनिअरच्या ऑफिसात बिनपगारी उमेदवारी, हे सगळं कोणाला परवडतं? ज्याच्या घरी कमावणारं दुसरं कोणी आहे त्याला. आणि जो नोकरी करत करत एलएलबी करतो तो कसं करतो हे सगळ्यांना माहितीये, ७० टक्के हजेरीचा नियम कागदावर, बाकी 'मॅनेज'. त्या एलएलबीतून शिकणं किती होतं ते वेगळं सांगायला नको.

म्हणून माझं म्हणणं असं की हे दोन कोर्स शेजारी शेजारी ठेवून धावपळ करू देण्यापेक्षा नीट जोडून चार वर्षांची एक संयुक्त डिग्री करावी. अमेरिकेत हे जुनंच आहे, कोलंबिया, मिशिगन, पेनसिल्व्हेनिया अशा युनिव्हर्सिट्यांमध्ये तीन वर्षांचं लॉ आणि दोन वर्षांचं सोशल वर्क मिळून चार वर्षांत बसवतात, काही विषय दोन्हीकडे मोजतात आणि एक वर्ष वाचवतात. अर्थात तिकडे आहे म्हणून इकडे हवं हे काही कारण नव्हे. तसं बघितलं तर समाजकार्याचं शिक्षणच आपल्याकडे एका अमेरिकन माणसानं, क्लिफर्ड मॅन्शार्टनं, १९३६ साली मुंबईत टाटांच्या पैशातून सुरू केलं, तीच आजची टीआयएसएस (टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस), आणि तेव्हापासून आपण तिकडचं किती जसंच्या तसं उचललं यावर एमएसडब्ल्यूच्या पहिल्याच सेमिस्टरला सगळे वाद घालतात. संयुक्त डिग्री हवी याचं कारण आपल्याच कोर्टांत आहे.

१९८२ सालचं उदाहरण बघा. शीला बर्से या पत्रकार बाईंनी मे महिन्यात बॉम्बे सेंट्रल जेलमधल्या १५ महिला कैद्यांच्या मुलाखती घेतल्या, त्यातल्या ५ जणींनी सांगितलं की पोलीस लॉकअपमध्ये आम्हाला मारहाण झाली. बर्सेंनी सुप्रीम कोर्टाला पत्र लिहिलं, कोर्टानं ते पत्रच याचिका म्हणून घेतलं. आता यात खरं-खोटं शोधायचं कसं? कोर्टानं ते काम कोणा वकिलाच्या कमिशनकडे दिलं नाही. मुंबईच्या निर्मला निकेतन कॉलेज ऑफ सोशल वर्कच्या तेव्हाच्या संचालिका डॉ. देसाई यांना सांगितलं की तुम्ही जेलमध्ये जा, दुसरं कोणी हजर नसताना या बायकांशी बोला आणि रिपोर्ट द्या. त्या रिपोर्टात मारहाणीच्या पलीकडचीच गोष्ट वर आली, की जेलमधल्या बायकांना कायद्याची मदत मिळायची धड सोयच नाहीये, आणि दोन परदेशी महिला कैद्यांची तर तक्रार होती की त्यांच्याच वकिलानं फी म्हणून त्यांचं जवळपास निम्मं सामान आणि दागिने दाबून ठेवलेत. १५ फेब्रुवारी १९८३ ला निकाल आला आणि त्यातून ते निर्देश निघाले जे आज आपण गृहीत धरतो, बायकांसाठी वेगळं लॉकअप आणि तिथं महिला पोलीस, महिलेची चौकशी महिला पोलिसांसमोरच, अटक झाली की लीगल एड कमिटीला लगेच कळवायचं, मॅजिस्ट्रेटनं आरोपीला स्वतः विचारायचं की मारहाण झाली का. हा कायदा घडला तो एका सोशल वर्करच्या मुलाखतींमधून. आणि लॉच्या किती वर्गांत ही केस शिकवताना हे सांगतात? निकालाचे निर्देश पाठ करून घेतात, रिपोर्ट कोणी लिहिला, कसा लिहिला यावर एक वाक्य नसतं.

त्यानंतर तर आपण कायदेच असे केले की वकील आणि सोशल वर्कर एका टेबलावर आल्याशिवाय ते चालणारच नाहीत. १९८४ चा फॅमिली कोर्ट कायदा, त्यात समुपदेशक आहे आणि वकील हक्कानं उभा राहू शकत नाही, परवानगी लागते. त्याच साली मुंबईच्या पोलीस आयुक्तालयात टीआयएसएसनं बायका-मुलांसाठी स्पेशल सेल सुरू केला, पोलिसांच्या आवारात बसणारी सोशल वर्कर, जो पुढं राज्यभर गेला. २००५ चा घरगुती हिंसाचाराचा कायदा, त्यात संरक्षण अधिकारी. २०१२ चा पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराचा कायदा, त्याच्या नियमांत सपोर्ट पर्सन. २०१५ चा जेजे, म्हणजे बालन्याय कायदा, त्यात तर बालन्याय बोर्डावर एक मॅजिस्ट्रेट आणि दोन सोशल वर्कर, म्हणजे संख्येनं सोशल वर्कर जास्त. इतकं सगळं कायद्यात लिहून झालं, पण लॉ कॉलेज आपल्या गेटच्या आत आणि सोशल वर्कचं कॉलेज आपल्या गेटच्या आत, मधल्या रस्त्यावर कोणी नाही.

याचं नुकसान कुठं होतं ते डीव्हीच्या एका कागदावर दाखवते. घरगुती हिंसाचाराच्या केसमध्ये फॉर्म एक असतो, डोमेस्टिक इन्सिडंट रिपोर्ट, सगळे डीआयआर म्हणतात. त्यात रकाने आहेत, तारीख, ठिकाण, वेळ, कोणी केलं, कुठल्या प्रकारची हिंसा, शारीरिक, लैंगिक, शाब्दिक-भावनिक, आर्थिक. बाई समोर बसलेली असते आणि तिला विचारलं की कधी मारलं, तर ती म्हणते, रोजचंच आहे ताई, कुठली तारीख सांगू. सोशल वर्करला हे कळतं, शिकवलेलंच असतं की हिंसा ही एक घटना नसते, ती सवय असते, बाईला तारखांत बोलता येत नाही, घाई करू नका. मग ती लिहिते, 'पती व्यसनी असून अर्जदार सतत तणावाखाली असते, सासरच्यांकडून मानसिक त्रास होतो.' सहानुभूती शंभर टक्के, पुरावा शून्य. पुढं हाच कागद सामनेवाल्याच्या वकिलाच्या हातात पडतो आणि उलटतपासात पाच मिनिटांत त्याच्या चिंध्या होतात.

आता त्याच बाईचा अर्ज वकिलाच्या ऑफिसात तयार होतो तेव्हा काय होतं बघा. तिथं आधीच्या केसची फाइल उघडून नावं बदलतात. 'सामनेवाले यांनी अर्जदार हिचा अनन्वित छळ केला व माहेरहून पाच लाख रुपये आणण्याचा तगादा लावला.' बाईनं पाच लाखांचं नावही काढलेलं नसतं! तिचं खरं दुःख काय होतं, तर तिच्या पगाराचं एटीएम कार्ड सासूकडे असायचं आणि बसभाड्याला वीस रुपये मागावे लागायचे, बाळंतपणानंतर तिचं मंगळसूत्र गहाण टाकलं ते तिला चार महिन्यांनी कळलं. कायद्यात हे दोन्ही स्पष्ट बसतं, डीआयआरच्या फॉर्ममध्ये आर्थिक हिंसेखाली पगार काढून घेणं आहे, न विचारता स्त्रीधन विकणं किंवा गहाण टाकणं आहे, शब्द न् शब्द. पण ते विचारलंच नाही कोणी, कारण वकिलाला विचारायचं शिकवलेलं नाही आणि सोशल वर्करला हे ऐकून फॉर्ममधल्या कुठल्या रकान्यात टाकायचं ते माहीत नाही. मग साक्षीच्या वेळी बाई खरं बोलते, पाच लाख कोणी मागितले नव्हते म्हणते, आणि स्वतःच्याच अर्जात खोटी ठरते. कायदा म्हणतो पहिली तारीख साधारण तीन दिवसांत आणि अर्जाचा निकाल ६० दिवसांत लावायचा प्रयत्न करा. प्रत्यक्षात किती लागतात ते कुठल्याही तालुक्याच्या कोर्टात बाकावर बसलेल्या बाईला विचारा.

दुसरं उदाहरण जामिनाचं, आणि हे मला जास्त छळतं. एनसीआरबी या केंद्राच्या गुन्हे नोंदी ठेवणाऱ्या संस्थेच्या २०२२ च्या आकड्यांप्रमाणे देशातल्या जेलमध्ये ५ लाख ७३ हजारांवर कैदी होते आणि त्यातले ७५.८ टक्के कच्चे कैदी, म्हणजे ज्यांचा गुन्हा अजून सिद्ध झालेला नाही. त्यात असेही लोक असतात ज्यांना जामीन मिळालाय, ऑर्डर झालीये, तरी ते आतच. का, तर जामीनदार नाही. ठाण्यात बांधकामावर काम करणारा परभणीचा माणूस, त्याला कोर्ट सांगतं पंधरा हजारांचा लायक जामीनदार आण, म्हणजे कोणीतरी सातबारा किंवा घरपट्टीची पावती, रेशनकार्ड, तहसीलदाराचा ऐपतीचा दाखला घेऊन कोर्टात येऊन उभा राहिला पाहिजे. कोण येणार? वकिलाच्या हिशोबी काम संपलं, बेल ग्रँट झाला, फाइल बंद. सोशल वर्कर जेलमध्ये त्याला भेटते, गावाकडे फोन लावते, भाऊ सापडतो, भावाकडे जमीन आहे पण ती वडिलांच्या नावावर, दाखल्याला महिना लागेल. ती हे सगळं डायरीत लिहिते. पण कॅश बेलचा, म्हणजे जामीनदाराऐवजी रोख रक्कम भरून सुटायचा अर्ज करता येतो, अट शिथिल करून मागता येते, हे एकतर तिला माहीत नसतं किंवा माहीत असलं तरी ती कोर्टात उभी राहू शकत नाही.

३१ जानेवारी २०२३ ला सुप्रीम कोर्टानं यावर निर्देश दिलेत, की जामीन होऊन सात दिवसांत माणूस सुटला नाही तर जेल अधीक्षकानं जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवाला कळवायचं, आणि गरज पडली तर प्रोबेशन ऑफिसर किंवा पॅरालीगल व्हॉलंटिअरकडून (विधी सेवेचा स्वयंसेवक) त्या कैद्याच्या परिस्थितीचा रिपोर्ट तयार करून कोर्टापुढं ठेवायचा, म्हणजे कोर्ट अट सैल करू शकेल. स्थानिकच जामीनदार हवा असा हट्ट धरू नका असंही म्हटलंय. त्याच वर्षी केंद्राची योजना आली, गरीब कैद्याच्या जामिनासाठी ४० हजारांपर्यंत मदत. म्हणजे सगळं आहे, निर्देश आहेत, पैसे आहेत. पण तो रिपोर्ट लिहिणार कोण? त्या माणसाच्या गावाकडची परिस्थिती अशा भाषेत लिहायची की मॅजिस्ट्रेट दोन मिनिटांत वाचून ऑर्डर करेल, ही कला आहे, आणि ती आज कुठल्याही एका कॉलेजात शिकवत नाहीत.

पुण्याच्या पोर्शेचं प्रकरण आठवा, १९ मे २०२४, कल्याणीनगर, गाडीच्या धडकेत दोन तरुण इंजिनिअर गेले. गाडी चालवणाऱ्या अल्पवयीन मुलाला बालन्याय बोर्डाकडून त्याच दिवशी जामीन मिळाला आणि अटीत ३०० शब्दांचा निबंध. सगळ्या देशानं त्या निबंधावर मीम केले, राग रास्तच होता. पण बोंब मारताना आपण चुकीच्या जागी मारली असं मला वाटतं. जेजे कायद्यात मुलाला जामीन हा नियम आहे आणि नाकारायचा तर अपवाद मोजके, त्यातला एक असा की सुटल्यावर त्याला नैतिक, शारीरिक किंवा मानसिक धोका होईल. आता हे कसं ठरवणार? घर कसं आहे, गाडीची चावी कोण देतं, पैसा कोण सोडतं, हे बघितल्याशिवाय? त्यासाठीच सोशल इन्व्हेस्टिगेशन रिपोर्ट असतो, पण प्रोबेशन ऑफिसरला कायदाच दोन आठवडे देतो, त्या दिवशी तो हातात असणं शक्यच नव्हतं. मग अशा वेळी बोर्डाच्या एकट्या सदस्यानं काय मागायला हवं, काय विचारायला हवं, काय ठरवायचं थांबवायला हवं, हा प्रश्न अर्धा कायद्याचा आणि अर्धा समाजकार्याचा आहे. पुढं ऑक्टोबरमध्ये सरकारनं बोर्डाच्या दोन्ही बिगर-न्यायिक सदस्यांना काढून टाकलं. बरं, आता नवे सदस्य येतील ते कुठून शिकून येतील? कायदा पात्रता सांगतो ती अशी, मुलांच्या आरोग्य, शिक्षण किंवा कल्याणाचं सात वर्षं काम, नाहीतर बालमानसशास्त्र, मनोविकारशास्त्र, समाजशास्त्र किंवा कायदा यातली डिग्री असलेला प्रॅक्टिस करणारा व्यावसायिक. हे 'नाहीतर' आहे तिथंच माझं भांडण आहे. आणि नेमणुकीनंतर ६० दिवसांत ट्रेनिंग द्यायचं. म्हणजे आधी खुर्ची, मग शिक्षण.

यावर सगळ्यात तगडा आक्षेप असा की एका माणसाला दोन डिग्र्या कशाला, दोन माणसं शेजारी बसवा. आणि याला पुरावाही आहे. न्यूयॉर्कमध्ये १९९७ पासून ब्रॉन्क्स डिफेंडर्स नावाची संस्था गरीब आरोपींचा बचाव अशाच पद्धतीनं करते, फौजदारी वकील, सोशल वर्कर, घराच्या केसेस बघणारे वकील, सगळे एका टीममध्ये. दहा वर्षांतल्या पाच लाखांवर केसेस तपासून २०१९ मध्ये अभ्यास छापला गेला, त्यात दिसलं की या पद्धतीमुळे तुरुंगवासाची शिक्षा होण्याची शक्यता १६ टक्क्यांनी कमी झाली, शिक्षेची लांबी २४ टक्क्यांनी, आणि गुन्हे काही वाढले नाहीत. हे टीमचं यश आहे, जोड-डिग्रीचं नाही, मान्य. आपल्याकडेही दिल्लीच्या नॅशनल लॉ युनिव्हर्सिटीत सुरू झालेल्या फेअर ट्रायल प्रोग्राममध्ये नागपूर आणि येरवडा जेलमध्ये वकील आणि सोशल वर्कर जोडीनं कच्च्या कैद्यांसाठी काम करत आलेत, आणि मुंबईत टीआयएसएसचा प्रयास हा प्रकल्प १९९० पासून जेल आणि पोलीस स्टेशनमध्ये आहे.

पण टीम उभी राहते ती मुंबई-पुणे-नागपुरात, जिथं फंडिंग आहे, युनिव्हर्सिटी आहे. अक्कलकुव्याला किंवा एटापल्लीला टीम कुठून आणणार, तिथं एक माणूस मिळाला तरी नशीब. आणि टीम जिथं आहे तिथंसुद्धा मी बघितलंय की वकील सोशल वर्करला 'मॅडम, जरा पक्षकाराला शांत करा' एवढ्यासाठीच बोलावतात. रिपोर्ट मागत नाहीत, मागितला तर वाचत नाहीत. उलट बाजूनं सोशल वर्कर वकिलाला तारीख विचारायलाच फोन करते. एकमेकांचं काम काय असतं हे ज्याला आतून माहितीये असा एक जरी टीममध्ये असला तरी ती टीम चालते, नाहीतर नुसती एका छताखाली बसते.

एक गोष्ट मात्र आधीच स्पष्ट करायला हवी, कारण संयुक्त डिग्रीचे भक्त ती दडपतात. एकाच केसमध्ये एकाच माणसानं दोन्ही कामं करायची नाहीत. पॉक्सोचं कलम १९ बघा. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर कोणीही असो, पोलिसांना कळवणं बंधनकारक, नाही कळवलं तर कलम २१ खाली शिक्षा, सहा महिन्यांपर्यंत. आता दुसरीकडे वकिलाला पक्षकारानं विश्वासानं सांगितलेलं बाहेर सांगायचं नाही, पूर्वी एव्हिडन्स ॲक्टचं कलम १२६, आता भारतीय साक्ष अधिनियमाचं कलम १३२. सोशल वर्करला असं कुठलंही कवच नाही. मग संस्थेत समोर बसलेली आई म्हणाली, माझ्या नवऱ्यानं पोरीला हात लावला पण पोलिसात नको, तर तुम्ही तिथं वकील म्हणून ऐकताय की सोशल वर्कर म्हणून? वकिलाच्या कवचात हे कलम १९ किती बसतं हा वाद वेगळा, पण त्या आईला तुम्ही कोण आहात हे पहिल्या मिनिटाला कळलं पाहिजे. फॅमिली कोर्टातही हेच, समुपदेशकापुढं नवरा-बायको मोकळं बोलतात ते हे पुराव्यात येणार नाही या भरवशावर, आणि तोच माणूस उद्या एकीचा वकील म्हणून उभा राहिला तर भरवसा गेला खड्ड्यात. म्हणून जोड-कोर्समध्ये सगळ्यात मोठा पेपर याच गोष्टीचा असावा, आज तुम्ही कोण म्हणून बसलाय. तीस मार्कांचा प्रोफेशनल एथिक्स नको, बार कौन्सिलचे नियम पाठ करून लिहिलेला.

आता पैशाचं बोलू, ते बोलल्याशिवाय हा विषय म्हणजे नुसत्या गप्पा. समजा मुलीनं दोन्ही डिग्र्या केल्या, सनद घेतली. सनदेचं बरं झालंय, जुलै २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की नोंदणी फी ७५० रुपयांपेक्षा जास्त घेता येणार नाही, एससी-एसटीसाठी १२५. तिला एका संस्थेनं नोकरी दिली. लगेच बार कौन्सिलचा नियम ४९ आडवा येतो, वकिली करणाऱ्यानं पूर्णवेळ पगारी नोकरी करायची नाही, नोकरी धरायची तर सनद सस्पेंड करून ठेवा. म्हणजे जिच्यासाठी ती डिग्री घेतली तीच नोकरी घेतली की कोर्टात उभं राहता येत नाही! मग संस्था काय करतात, पगाराला पगार म्हणत नाहीत, 'रिटेनर' म्हणतात, 'कन्सल्टन्सी' म्हणतात, पीएफ नाही, मॅटर्निटी लीव्ह नाही. समाजातल्या शोषणावर काम करणाऱ्या पोरीला स्वतःचा पगार असा पळवाटेनं घ्यावा लागतो. आणि उलटं, प्रॅक्टिस करायची तर ज्युनिअरला बार कौन्सिलनं २०२४ मध्ये शहरात २० हजार आणि ग्रामीण भागात १५ हजार स्टायपेंड सुचवलाय, नुसता सुचवलाय, आणि तालुक्याच्या बाररूममध्ये हा आकडा वाचून लोक हसतात.

नियम ४९ मध्ये विधी सेवा किंवा जेल, बालहक्क, महिला अत्याचार यावर काम करणाऱ्या धर्मादाय संस्थांपुरता अपवाद करावा, पक्षकाराकडून एक रुपया घ्यायचा नाही या अटीवर. हे कोणाच्या पोटावर पाय देणारं नाही, कारण त्या पक्षकाराकडून बाररूमला तसंही काही मिळत नव्हतं.

आणि डिग्रीचा आकार कसा असावा? माझ्या मते अर्धी लढाई फिल्डवर्कची आहे. एलएलबीला तीन वर्षांत मिळून १२ आठवड्यांची इंटर्नशिप, कुठल्यातरी ओळखीच्या वकिलाचं सर्टिफिकेट आणून दिलं की झालं. एमएसडब्ल्यूचं फिल्डवर्क ज्यानं केलंय त्याला माहितीये तो काय प्रकार असतो, आठवड्याचे दोन दिवस पूर्ण, दोन वर्षं, प्रत्येक दिवसाचं रेकॉर्डिंग लिहायचं, मग आयसीला, म्हणजे एकेकट्याशी होणाऱ्या बैठकीत सुपरवायझर विचारणार, त्या बाईनं उत्तर दिलं नाही तेव्हा तू काय केलंस, तुला राग आला का, राग आला तर का आला. रडवतात पोरांना. कंटाळवाणं वाटतं, रेकॉर्डिंग रात्री जागून लिहावी लागतात, कॉप्याही होतात. पण त्यातूनच ऐकायची सवय लागते, आणि ही सवय लागलेला वकील मला पाच लाखांचा खोटा तगादा लिहिताना दिसणार नाही. एमएसडब्ल्यूची बाजूही काही फार भारी नाहीये, तिथं सोशल लेजिस्लेशन नावाचा एक पेपर असतो, कायद्यांची यादी आणि कलमं, एकही अर्ज लिहून घेत नाहीत, एकही उलटतपास दाखवत नाहीत. दोन वर्षं फिल्डमध्ये फिरलेली मुलगी कोर्टाच्या आवारात पहिल्यांदा गेली की रोजनामा, म्हणजे केसच्या तारखेतारखेची नोंद, कुठं बघायचा ते तिला कळत नाही.

बार कौन्सिल हे होऊ देईल का? दरवाजा त्यांनीच उघडा ठेवलाय. सहाव्या नियमातच अपवाद आहे, एकाच संस्थेचा इंटिग्रेटेड कोर्स असेल तर चालतो. गांधीनगरच्या गुजरात नॅशनल लॉ युनिव्हर्सिटीनं बीएसडब्ल्यू-एलएलबी असा पाच वर्षांचा कोर्स चालवलाय, म्हणजे बारावीनंतरची जोडी मान्य आहे, प्रश्न ग्रॅज्युएशननंतरच्या जोडीचा आहे. टीआयएसएसमध्ये ॲक्सेस टू जस्टिसमधलं एलएलएम आहे, पण ते आधी वकील झालेल्यांसाठी. महाराष्ट्रात मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर अशा तीन नॅशनल लॉ युनिव्हर्सिट्या आहेत आणि त्यातल्या दोन शहरांत तर पन्नासच्या दशकातली समाजकार्याची कॉलेजं आहेत, मुंबईचं निर्मला निकेतन १९५५ चं, नागपूरचं मातृसेवा संघाचं १९५८ चं. 'एकाच संस्थेचा' या दोन शब्दांवरून कागद अडकेल हे मला दिसतंय, पण करार करून लॉ युनिव्हर्सिटीनं डिग्री द्यावी आणि फिल्डवर्क समाजकार्याच्या कॉलेजनं घ्यावं असा प्रस्ताव कुणी एकदा पाठवून तर बघावा.

आणि त्याच्याही आधी एक काम आहे ज्याला ना नवी डिग्री लागते ना बार कौन्सिलची परवानगी. नाल्सानं, म्हणजे राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणानं, २०२२ मध्ये लीगल एड डिफेन्स काउन्सेल सिस्टीमची सुधारित योजना काढली, जिल्ह्याच्या ठिकाणी गरीब आरोपींसाठी पूर्णवेळ वकिलांचं ऑफिस, चांगली योजना आहे. त्या ऑफिसात चीफ काउन्सेल आहे, डेप्युटी आहेत, असिस्टंट आहेत, क्लार्क, रिसेप्शनिस्ट, शिपाई सगळे आहेत. सोशल वर्करचं पद नाही. ते एक पद प्रत्येक जिल्ह्यात तयार करा, पगार असिस्टंट काउन्सेलइतका ठेवा, आणि त्या ऑफिसात लॉची दोन आणि एमएसडब्ल्यूची दोन पोरं वर्षभर जोडीनं फिल्डवर्कला बसवा. जेलमधून सात दिवसांवर न सुटलेल्यांची यादी विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवाकडे यायचीच आहे, त्या पोरांना पहिल्या दिवशी तीच यादी द्या.